अपेक्षाभंगाची सरासरी काढू नका: नाशिकच्या कारखान्यांच्या व्यवस्थापनांना खुले पत्र

प्रति,
सातपूर, अंबड, गोंदे आणि सिन्नर येथील कारखान्यांची व्यवस्थापने, मनुष्यबळ विभाग आणि उद्योजकांच्या संघटना

विषय: कर्मचारी समाधान सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून घेतले जाणारे निर्णय थांबवून मोजणीची पद्धत बदलण्याबाबत

स.न.वि.वि.

दरवर्षी सर्वेक्षण होते आणि पाचपैकी चारच्या आसपासचा एखादा आकडा नोटीस बोर्डावर लागतो. तो तिथेच राहिला असता तर हे पत्र लिहावे लागले नसते. पण त्याच आकड्यावरून सुपरवायझरची वार्षिक बढती ठरते, प्रशिक्षणाचा खर्च कापला जातो आणि वेतन कराराच्या बोलणीत ‘कामगार तर खूश आहेत’ असे सांगितले जाते. आता त्याच्या पुढचे पाऊल पडले आहे. सर्वेक्षणाची उत्तरे, हजेरी आणि ओव्हरटाइम एकत्र करून ‘हा माणूस नोकरी सोडेल का’ याचा प्रत्येकाच्या नावापुढे गुण देणारी सॉफ्टवेअर विकत घेतली जात आहेत. हे आम्हाला गप्प राहून मान्य करता येत नाही.

आम्ही या शहरात संख्याशास्त्र शिकवणारे, प्रश्नावल्या तयार करणारे आणि अशा माहितीचे विश्लेषण करणारे लोक आहोत. आपल्या मनुष्यबळ विभागांत बसून हे अहवाल बनवणारी मुले-मुली आमच्याच वर्गांतून गेलेली आहेत. चुकीची आकडेमोड आमच्या विषयाच्या नावाने खपते, आणि तिचा परिणाम सिडकोत, सातपूर कॉलनीत, नाशिकरोडला आमच्या शेजारी राहणाऱ्यांच्या पगारावर आणि नोकरीवर होतो. म्हणून हे पत्र आपल्याला, पण सर्वांसमोर.

आधी मोजायचे काय आहे ते स्पष्ट करू. नेमणूक पत्रात लिहिलेला करार हा एक भाग झाला. त्यापलीकडे ‘आपण एवढे करू, कंपनी एवढे करील’ अशी एक समजूत कामगाराच्या मनात असते. संघटनांचे अभ्यासक ख्रिस आर्जिरिस यांनी १९६० मध्ये कारखान्यांच्या संदर्भात तिला मानसिक करार म्हटले. डेनिस रूसो यांनी १९८९ मध्ये त्या कल्पनेला आजचे रूप दिले. रॉबिन्सन आणि रूसो यांच्या १९९४ च्या अभ्यासात व्यवस्थापन शिकलेल्या १२८ जणांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी मालकाने दिलेला शब्द मोडल्याचे सांगितले. म्हणजे अपेक्षाभंग हा काही मोजक्या कुरकुऱ्या लोकांचा स्वभाव नव्हे. तो नेहमी घडतो, आणि म्हणूनच नीट मोजायला हवा.

मॉरिसन आणि रॉबिन्सन यांनी १९९७ मध्ये एक फरक दाखवला. शब्द पाळला गेला नाही हे कळणे ही एक गोष्ट आणि त्यामुळे राग येणे, फसवल्यासारखे वाटणे ही दुसरी. पहिला हिशेब आहे, दुसरी भावना. आपली सर्वेक्षणे या दोन्ही सोडून तिसरेच काहीतरी विचारतात: ‘आपण कंपनीवर समाधानी आहात का?’ आमची पहिली तक्रार हीच आहे.

एक नेहमीचे उदाहरण घ्या. ट्रेनी म्हणून घेतलेल्या मुलाला भरतीच्या वेळी सांगितले जाते, ‘दोन वर्षं नीट काम कर, कायम करू.’ दोन वर्षांनी त्याच्या गेटपासवर फक्त ठेकेदाराचे नाव बदलते. शब्द मोडला हे त्याला कळले आहे. आता, ऑर्डर घटल्या, मॅनेजरने लाइनवर येऊन सगळ्यांना कारण सांगितले आणि कुणालाच कायम केले नाही, अशी परिस्थिती असेल तर तो नाराज होईल, पण चिडेलच असे नाही. त्याच महिन्यात शेजारच्या लाइनवर कुणाच्या तरी ओळखीचा मुलगा कायम झाला असेल, तर तेच मोडलेले वचन त्याला सहन होणार नाही. मोडलेला शब्द तोच, भावना वेगळी. फरक पडतो तो कारणाने आणि वागणुकीतल्या न्यायाने.

म्हणून मॉडेलमध्ये, म्हणजे या गोष्टींचा संबंध मांडणाऱ्या समीकरणात, भावना हे उत्तर म्हणून ठेवा. वचनभंगाची जाणीव, वागणूक न्याय्य वाटली का, आणि ‘कंपनीला जमले नाही की कंपनीने मुद्दाम केले नाही’ हा समज ही कारणे म्हणून ठेवा. आणि वचनभंग व न्याय यांचा गुणाकारही त्यात घाला. तो गुणाकार वगळला तर न्याय्य वागणुकीने रागाची धार किती कमी होते हे कधीच दिसणार नाही, आणि व्यवस्थापनाच्या हातात असलेली गोष्ट नेमकी तीच आहे. रॉबिन्सन आणि मॉरिसन यांनी २००० मध्ये वापरलेल्या मापनात वचनभंगाच्या जाणिवेसाठी पाच आणि भावनेसाठी चार वाक्ये आहेत. नऊ वाक्ये चहाच्या सुट्टीत भरून होतात. साठ प्रश्नांची पुस्तिका लागत नाही.

दुसरी तक्रार वजाबाकीची. जिथे ‘अपेक्षा’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन रकाने असतात तिथेही अहवालात फक्त त्यांची वजाबाकी येते. एकाला प्रशिक्षणाबद्दल मोठा शब्द दिला होता, पाचपैकी ५, आणि मिळाले ३. दुसऱ्याला ३ इतकाच शब्द दिला होता आणि मिळाले १. दोघांचीही वजाबाकी उणे दोन. पहिल्याला निदान बरेच काही मिळाले आहे. दुसऱ्याच्या हातात जवळजवळ काहीच नाही. दोघांची भावना सारखीच असेल असे गृहीत धरायला कोणताही आधार नाही. तरीही वजाबाकी ते गृहीत धरते: वचन एका पायरीने वाढले काय किंवा प्रत्यक्ष एका पायरीने घटले काय, परिणाम तेवढाच.

यावरचा उपाय जेफ्री एडवर्ड्स यांनी १९९० च्या दशकातच मांडला आहे. वचन आणि प्रत्यक्ष हे दोन्ही आकडे वेगवेगळे ठेवायचे. दोन्हींमधून मोजपट्टीचा मधला बिंदू, म्हणजे ३, वजा करायचा. मग भावनेच्या समीकरणात पाच पदे घालायची: वचन, प्रत्यक्ष, वचनाचा वर्ग, दोघांचा गुणाकार आणि प्रत्यक्षाचा वर्ग. त्यातून जो वक्र पृष्ठभाग मिळतो त्याच्या दोन रेषा बघायच्या. वचन आणि प्रत्यक्ष समान असलेल्या रेषेवरचा चढ म्हणजे पहिल्या दोन पदांच्या सहगुणकांची, म्हणजे समीकरणातल्या त्यांच्या वजनांची, बेरीज. मोठा शब्द पूर्ण पाळणे आणि छोटा शब्द पूर्ण पाळणे यांत फरक पडतो का, हे ती सांगते. दुसरी रेषा विसंगतीची, म्हणजे एक जितके वाढते तितके दुसरे घटते ती. तिच्यावरचा बाक म्हणजे दोन वर्गपदांच्या सहगुणकांच्या बेरजेतून गुणाकाराचा सहगुणक वजा केलेला. शब्दापेक्षा कमी मिळाले आणि जास्त मिळाले, या दोन्हींचा परिणाम एकाच सरळ ओळीत जातो की नाही, हे त्यावरून कळते. लॅम्बर्ट, एडवर्ड्स आणि केबल यांच्या २००३ च्या अभ्यासात शब्दापेक्षा जास्त मिळणे काही बाबतींत समाधान वाढवते आणि काही बाबतींत घटवते असे आढळले. वजाबाकीच्या अहवालात ही गोष्ट दिसणेच शक्य नाही.

एक इशारा. वर्गपदे आणि गुणाकार यांना बरीच उत्तरे लागतात. आमच्या मते दोनशेच्या आत उत्तरे असतील तर हे मॉडेल बसवूच नये. वचन आडव्या अक्षावर, प्रत्यक्ष उभ्या अक्षावर असा साधा आलेख काढून तो नीट वाचावा.

तिसरी तक्रार सरासरीची. एका विभागात ४० जण आहेत आणि सगळ्यांनी ३ लिहिले. दुसऱ्या विभागात २० जणांनी १ लिहिले आणि २० जणांनी ५. दोन्ही विभागांची सरासरी ३. इगतपुरीचा आणि येवल्याचा पाऊस मिळून काढलेली सरासरी जशी दोन्हीकडच्या शेतकऱ्याच्या कामाची नसते, तशीच ही. दुसऱ्या विभागात काहीतरी फाटले आहे: बहुधा कायम आणि कंत्राटी, किंवा जुना वेतन करार आणि नवा. शिवाय १ ते २ हे अंतर आणि ४ ते ५ हे अंतर सारखे आहे असे कामगाराने कुठेही म्हटलेले नाही. त्याने फक्त क्रम सांगितला आहे. अशा उत्तरांसाठी क्रमवार लॉजिस्टिक मॉडेल १९८० पासून उपलब्ध आहे आणि संख्याशास्त्राच्या ‘आर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काही ओळींत चालते. नोटीस बोर्डावर लावायचेच असेल तर पाच खांबांचा आलेख लावा, आणि सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांवर किती टक्के लोक आहेत ते मोठ्या अक्षरांत लिहा.

चौथी तक्रार खोट्या अचूकतेची. ‘६०० जणांनी उत्तरे दिली, म्हणून निकाल पक्का’ असे अहवालात असते. पण एका लाइनवरच्या वीस जणांचा सुपरवायझर एक, शिफ्ट एक, बस एक. त्यांची उत्तरे एकमेकांसारखी येतात. हे साम्य ० ते १ च्या मापावर ०.१० इतके जरी धरले, तरी उत्तरांची संख्या ज्याने भागायची तो आकडा असा: १ + (२० − १) × ०.१० = २.९. मग ६०० उत्तरांची माहिती सुमारे २०७ स्वतंत्र उत्तरांइतकीच उरते. दोन लाइनींमधला ०.२ चा फरक दाखवून एका सुपरवायझरला शाबासकी आणि दुसऱ्याला नोटीस देण्याइतके बळ त्यात नाही. माणसे लाइनीत, लाइनी विभागात आणि विभाग प्लांटमध्ये, अशी बहुस्तरीय रचना मॉडेलमध्ये घ्यावीच लागते.

पाचवी तक्रार आम्हाला सर्वांत गंभीर वाटते: कुणाला विचारलेच जात नाही. कंत्राटी कामगार यादीत नसतात, कारण ते ‘आपले’ नाहीत. मात्र सर्वांत जास्त तोंडी शब्द त्यांनाच दिलेले असतात. ज्यांना सर्वांत जास्त लागले ते नोकरी सोडून गेलेले असतात, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी आपोआप चांगली येते. एखाद्या प्लांटमधून नाराज लोक जितके वेगाने बाहेर पडतील तितका त्याचा समाधानाचा आकडा सुधारेल. मोजमापाला याहून मोठे अपयश असू शकत नाही. यासाठी सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला शेवटच्या दिवशी तीच नऊ वाक्ये द्या. नोकरी किती महिने टिकली याचे विश्लेषण जीवितकाल मॉडेलने करा, ज्यात अजून कामावर असलेल्यांचा कालावधी ‘अपूर्ण’ म्हणून धरला जातो, गाळला जात नाही. आणि कोरे राहिलेले कागदही मोजा. ज्या विभागातून निम्मे कागद कोरे आले, तिथे उरलेल्या निम्म्यांची सरासरी छापू नका.

सर्वेक्षणाची वेळही अशीच निकाल बदलते. बोनस हातात पडल्यानंतरच्या आठवड्यात विचारले तर वर्षभराची नाराजी थोडी झाकली जाते. गैरहजेरीचेही तसेच. निफाड, दिंडोरीकडून येणाऱ्या कितीतरी कामगारांची घरची द्राक्षबाग असते. ऑक्टोबर छाटणीला आणि पुढे काढणीच्या दिवसांत ते रजा टाकतातच. मॉडेलमध्ये महिना हा घटक नसेल तर शेतीचे काम रागाच्या खात्यावर जमा होते. गैरहजेरीची तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

आठवणीचा प्रश्न वेगळा आहे. आज चिडलेला माणूस दोन वर्षांपूर्वी मिळालेला शब्द आहे त्यापेक्षा मोठा आठवतो. खूश असलेला विसरून जातो. एकाच कागदावर, एकाच दिवशी वचन आणि भावना दोन्ही विचारले तर त्यांच्यातला सहसंबंध फुगतोच. त्यामुळे वचन रुजू होण्याच्या दिवशीच लिहून ठेवले पाहिजे. एक पान पुरे: कायम होण्याची मुदत, पगारवाढ, शिफ्टची फिरती, बस, प्रशिक्षण, कामाचे स्वरूप, रजेची सोय, आणि प्रत्येकापुढे ते कुणी सांगितले, म्हणजे भरती अधिकारी, ठेकेदार की सुपरवायझर. एक प्रत कामगाराकडे. मग सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांनी प्रत्यक्ष काय मिळाले ते विचारा. जुन्या कामगारांसाठी वेतन कराराच्या आधी आणि तीन महिन्यांनी. असे एकाहून जास्त वेळा विचारले की प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच सरासरीशी करता येते, आणि मुळातच हात राखून गुण देणारा माणूस व नव्याने दुखावलेला माणूस वेगळे ओळखू येतात.

यातच एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. कायद्याने जे देणे आहे ते ‘अपेक्षा’ म्हणून प्रश्नावलीत घालू नका. ओव्हरटाइमचा दुप्पट दर, पीएफचा भरणा, किमान ८.३३ टक्के बोनस हे पात्र कामगाराचे हक्क आहेत. ते न देणे हा कायदाभंग आहे. त्याबद्दल कामगाराला कसे वाटते हे मोजण्यापूर्वी ते देणे चुकते करा.

सर्वेक्षणाच्या अहवालात ‘प्रमुख घटक’ या नावाने येणाऱ्या पानाबद्दल थोडेसे. पगार, कायम होणे आणि ओव्हरटाइम हे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की रिग्रेशनमध्ये, म्हणजे कोणत्या घटकाचा किती परिणाम ते काढणाऱ्या समीकरणात, त्यांचे सहगुणक डळमळतात, आणि कँटीन वर येते. कँटीनबद्दल तक्रार करणे सुरक्षितही असते. मग कँटीनला रंग लागतो आणि कायम करण्याचा विषय मागे पडतो. एका वेळच्या सर्वेक्षणातून ‘हे सुधारले तर ते वाढेल’ असा निष्कर्ष निघत नाही.

आता नावापुढच्या गुणाबद्दल. समजा १००० कामगार आहेत आणि वर्षभरात ८० जण सोडणार आहेत. मॉडेल चांगले आहे असे धरू: सोडणाऱ्यांपैकी ७५ टक्के, म्हणजे ६० जण ते ओळखते. न सोडणाऱ्या ९२० पैकी २० टक्क्यांवर ते चुकून शिक्का मारते, म्हणजे १८४ जणांवर. शिक्का बसलेले एकूण २४४, त्यांपैकी खरे ६०. दर चारपैकी तीन जणांवर विनाकारण संशय. अशा माणसाला प्रशिक्षणाला पाठवायचे नाही, महत्त्वाच्या मशीनवर ठेवायचे नाही, असे निर्णय झाले की त्याचा खरोखर अपेक्षाभंग होतो आणि तो खरोखर सोडून जातो. मग मॉडेल बरोबर ठरले असे अहवालात येते. ही चूक मॉडेल सुधारून जाणार नाही. भावनेची माहिती माणसागणिक वापरणेच थांबवले पाहिजे.

गोपनीयतेचा शब्दही पाळला जात नाही. कागदावर नाव नसते, पण विभाग, वय, लिंग आणि नोकरीची वर्षे असतात. टूलरूममध्ये एकच बाई असेल तर तिचा कागद कुणालाही ओळखता येतो. काही ठिकाणी सुपरवायझर उभा असताना टॅबवर उत्तरे भरून घेतली जातात. तिथे मिळालेले ५ म्हणजे भीतीचे माप आहे.

आमच्या मागण्या:

१. माणसागणिक ‘नोकरी सोडण्याचा धोका’ दाखवणारे गुण तातडीने बंद करावेत. आजवर काढलेले गुण पुसून टाकावेत आणि तसे कामगारांना लेखी कळवावे.

२. सरासरीच्या आकड्यावरून सुपरवायझरची बढती, बदली किंवा नोटीस देऊ नये.

३. दिलेल्या शब्दांचे एक पान रुजू होताना भरावे, कंत्राटी कामगारांसाठीही. त्यावर कंपनी आणि ठेकेदार दोघांची सही असावी.

४. वचन, प्रत्यक्ष, वागणुकीतला न्याय आणि भावना हे चार भाग वेगवेगळे विचारावेत. प्रश्नावली मराठी आणि हिंदी दोन्हींत असावी, आधी दहा-बारा कामगारांसोबत मोठ्याने वाचून तपासावी, आणि दोन्ही भाषांतली मोजपट्टी सारखी चालते का याची संख्याशास्त्रीय चाचणी व्हावी.

५. उत्तरे कंपनीबाहेरच्या व्यक्तीकडे राहावीत. फेऱ्या जोडण्यासाठी कामगाराने स्वतः बनवलेला संकेत वापरावा: आईच्या नावाचे पहिले अक्षर, जन्मतारखेतला दिवस, शाळेच्या गावाचे पहिले अक्षर. दोघांचे संकेत जुळले किंवा एखाद्याचा चुकला, तर ती जोडी सोडून द्यावी; ओळख पटवायचा प्रयत्न करू नये. दहापेक्षा कमी उत्तरे असलेल्या गटाचा निकाल काढू नये.

६. निकालासोबत प्रश्नावली, किती जणांना विचारले, किती जणांनी उत्तर दिले, कोणते मॉडेल वापरले आणि अनिश्चितता किती, हे सर्व मराठीत जाहीर करावे. युनियनला आणि कंत्राटी कामगारांच्या प्रतिनिधींना ते वेतन कराराच्या बोलणीआधी मिळावे.

हे करायला नवे सॉफ्टवेअर लागत नाही. लागणारे विश्लेषण आपल्या मनुष्यबळ विभागांतील लोकांना शिकवायला आम्ही तयार आहोत, विनामूल्य. अट एकच: प्रश्नावली ठरवताना कामगारांचे प्रतिनिधी त्याच टेबलावर असले पाहिजेत. कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, याचे उत्तर आपण महिनाभरात जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपले,
नाशिकमधील संख्याशास्त्र आणि मनुष्यबळ मापनाच्या क्षेत्रात काम करणारे